पेटी खोटं बोलत नाही

शंतनुला कुणी विचारलं, "तू नेमकं करतोस काय?" तर तो आधी समोरच्याला नखशिखांत न्याहाळायचा आणि मग सांगायचा, "उद्या माणसाच्या अंगावर यंत्रांचं एक गाव वसणार आहे. त्या गावाचा तलाठी मी." हे वाक्य तो कन्नड मुलुखातल्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसात म्हणायचा, मारतहळ्ळीच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये म्हणायचा, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना म्हणाला होता. त्याचं आणखी एक आवडतं वाक्य होतं. "आमची पेटी खोटं बोलत नाही." या दुसऱ्या वाक्याने त्याचा घात केला.

पेटी म्हणजे कमरेला अडकवायची काडेपेटीएवढी डबी. तिच्या जोडीला छातीवर चिकटवायची एक चकती आणि मनगटाला एक पट्टी. चकती ठोके मोजायची, पट्टी झोप आणि चाल मोजायची, आणि दोघी आपापलं म्हणणं पेटीच्या कानावर घालायच्या. तेही तारेने नाही की हवेतून नाही, थेट माणसाच्या कातडीतून. पेटी ते फोनला सांगायची आणि फोन मग सगळ्या घराला. या बोलण्याचे नियम जगभरच्या इंजिनियरांनी बसून लिहिलेले आहेत. एका अंगाला पेटी एकच, तिचं सगळ्यांनी ऐकायचं. जिवाशी गाठ असेल तो निरोप सर्वांच्या आधी जाऊ द्यायचा. नवं कुणी दाराशी आलं तर आधी ओळख पटवायची, मगच आत घ्यायचं. इतकं शहाणपण माणसांच्या घरात असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

शंतनुच्या घरात ते नव्हतं, म्हणून भांडण झालं.

त्याची बायको शिवलीला मूळची सीमाभागातल्या भालकीकडची. तिचे वडील नागनाथअण्णा तरुणपणी दूर दक्षिणेत, शहराबाहेरच्या आनेकलला आले आणि त्यांनी तिथे पिठाची गिरणी टाकली. ज्वारी दळणारा माणूस तिकडच्या बायकांची नाचणी दळायला शिकला, कन्नडात शिव्या खायला शिकला आणि त्या हसून परत करायलाही शिकला. सत्तरी आली तरी गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीने टाकी ते स्वतःच्या हाताने लावायचे. मग उन्हाळ्यात, एका कडक उपवासाच्या दिवशी, त्यांना गिरणीतच भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. ठोक्यांवर लक्ष ठेवा." शिवलीलेने यातलं पहिलं वाक्य ऐकलंच नाही. गिरणी बंद करायची आणि आई-वडिलांना मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटवर आणायचं, असं तिने ठरवून टाकलं. गिरणीची जागा टाइल्सच्या गोदामाला मिळावी म्हणून त्याच गल्लीतले जयसिंगराव कधीचे टपून होते.

"मी तिथं येऊन काय करू?" अण्णा म्हणाले. "लिफ्टमधी बसून वर-खाली करू?"

"आराम करा, अण्णा."

"आराम मेल्यावर हायच की, लीला."

हे वाक्य शिवलीलेला लागलं. ती आतल्या खोलीत गेली आणि नाक लाल करून बाहेर आली. अव्वा, म्हणजे तिची आई अंबूबाई, एकदा नवऱ्याकडे बघत होत्या आणि एकदा लेकीकडे. तेव्हा आपला तलाठी उठून उभा राहिला.

"भांडता कशाला? पेटी लावू. एक आठवडा. आकडे चांगले आले तर गिरणी चालू, खराब आले तर बंद. ज्याचे आकडे खराब, त्याचं काम बंद. नियम म्हणजे नियम. आमची पेटी खोटं बोलत नाही."

"सरी," अण्णा कन्नडात होकार देत म्हणाले आणि बंडीची बटणं काढून छाती पुढे केली. "आमचं काळीज म्हशीवानी थंड हाय, जावईबापू. लावा."

अव्वांनी विचारलं, "हे कुणी काढलेलं म्हणायचं?"

"जगात एक स्टँडर्ड आहे, अव्वा. आठशे दोन पॉइंट पंधरा पॉइंट सहा."

"गाडीचा नंबर हाय का हो?" अव्वांनी विचारलं. शंतनु चकती चिकटवायला लागला.

आता योगायोग बघा. तो महिना धोंड्याचा होता. तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो आणि जावई नावाच्या प्राण्याला देवाचे दिवस येतात. पेट्या लावल्या त्याच रविवारी आनेकलला शंतनुसाठी पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन तयार होतं. ऑफिसच्या चाचणीसाठी शंतनुच्या अंगावरही तसाच संच होता. म्हणजे सासऱ्याच्या कमरेला एक पेटी आणि जावयाच्या कमरेला दुसरी.

अव्वांनी पितळी परात आणली, तांब्याभर कोमट पाणी आणलं. अण्णा पाटासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी शंतनुचे दोन्ही पाय परातीत धरले.

"अण्णा, हे नको हो. मी लहान आहे," शंतनु अवघडून म्हणाला.

"लहान असाल घरी. हितं जावई हाव तुम्ही. गप बसा."

एरवी हा विधी लवकर आटपतो. पण शिवलीलेला फोटो हवा होता. पहिल्या फोटोत अव्वांचे डोळे मिटले. दुसऱ्यात अण्णा हसले नाहीत. तिसऱ्यात मागे वाळत घातलेला टॉवेल आला. "अण्णा, पाय सोडू नका, अजून एक," असं चाललं, आणि अण्णा बिचारे दोन्ही हातांनी जावयाची पावलं घट्ट धरून कॅमेऱ्याकडे बघत राहिले. वरून अव्वांची धार चालूच होती.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे, जी शंतनुने घरात सांगितली नव्हती. नवख्याची ओळख पटवायचा जो नियम होता ना, तो त्याने पेटीत घातलाच नव्हता. "पुढच्या आवृत्तीत घेऊ," असं तो मीटिंगमध्ये म्हणाला होता. "म्हाताऱ्या माणसांना बटणं दाबायला लावायची म्हणजे जाच. आणि दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून इतका वेळ बसतं कोण? लोक हात मिळवतात आणि सोडतात." त्याचे साहेब उपेंद्र, मूळचे नागपूरचे, त्यांनीही मान हलवली होती. "हो ना बापा. कोन बसते?"

परातीत पाणी, पाण्यात जावयाचे पाय आणि पायांवर सासऱ्याचे हात. पेट्यांना वाटलं, हे एकच लांबलचक अंग आहे. आणि एका अंगाला पेटी एकच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघींची चांगली जुंपली, आणि टॉवेलने पाय पुसले जाईपर्यंत दोघी एकमेकींचं नाव घेऊन बसल्या. शंतनुची पेटी आता 'नागनाथ' म्हणून बोलू लागली आणि अण्णांची 'शंतनु' म्हणून. कमरेला निळा दिवा लुकलुकला तो शंतनुने पाहिला.

"बघ," तो शिवलीलेला म्हणाला, "नेटवर्क खूश आहे." आणि त्याने सहावा धोंडा तुपात बुडवला.

सोमवारी सकाळी शिवलीलेचा फोन किणकिणला. 'नागनाथ: ठोके एकशे अठरा.'

तिने तिथल्या तिथे आनेकलला फोन लावला. "अण्णा, काय करत होता?"

"ज्वारी दळत होतो."

"आधी बंद करा. पडा जरा."

अण्णा पोत्यांवर पडले. ठोके एकशे बावीस झाले, कारण त्या वेळी महादेवपुऱ्यात उपेंद्र साहेब शंतनुला विचारत होते की शुक्रवारी द्यायचं काम सोमवारी का दाखवतो. अण्णा जितके जास्त पडून राहायचे तितके आकडे बिघडायचे. मंगळवारी त्यांची कॉफी बंद झाली, बुधवारी मीठ गेलं, गुरुवारी गिरणीच्या पट्ट्याला हात लावायची बंदी आली. नाचणी घेऊन आलेल्या बायका डबे घेऊन परत गेल्या. फोनवर सतत यायचं, 'नागनाथ: झोप अपुरी', 'नागनाथ: दिवसभर बसून', 'नागनाथ: बेचैन'.

इकडे शंतनुचे आकडे म्हणजे एखाद्या हिमालयातल्या साधूचे. ठोके बासष्ट. झोप गाढ. वर रोज शाबासकी, 'आज पहाटे उठून आपण छान चाललात!' शाबासकी आली तेव्हा शंतनु घोरत होता, हे शिवलीलेने कानांनी ऐकलं होतं.

"तू कधी चाललास?"

"पेटी आतली चाल मोजते," शंतनु म्हणाला. स्तुती असली की माणूस हिशेब विचारत नाही. त्याने ते आकडे ऑफिसच्या ग्रुपवर टाकले, उपेंद्र साहेबांनी अंगठा दिला, आणि या बळावर तो रोज दुपारी उडदाचे दोन उद्दिनवडे जास्त खाऊ लागला.

गुरुवारी संध्याकाळी अण्णांनी स्वतः त्याला फोन केला. आवाज पडला होता.

"जावईबापू, मला काय कळंना की. आतून बरं वाटतंय. पायऱ्या चढलो तर धाप लागंना. आन पेटी म्हणती मी संपलो. मग ह्यातलं खरं कोण?"

शंतनुला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण तो म्हणाला, "अण्णा, शरीर आपल्याला फसवतं. पेटी फसवत नाही."

"सरी," अण्णा म्हणाले. "शनिवारी जयसिंगरावला बोलावतो मग. किल्ली देऊन टाकतो." त्या रात्री शिवलीला जेवली नाही. तिला हवं होतं तेच झालं होतं आणि ते तिला सोसत नव्हतं.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये उपेंद्र साहेबांनी शंतनुला बोलायला उभं केलं आणि बसू दिलं नाही. "काहून जी शंतनु, हे काय करून ठेवलं?" त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, कानशिलं ठणकत होती, छातीत तर कुणीतरी कांडत होतं. तोंड लपवायला म्हणून त्याने फोनकडे बघितलं. 'शंतनु: ठोके साठ. आपण शांत पडून आहात.'

तो बघतच राहिला. मग त्याने खालची ओळ बघितली. 'नागनाथ: एकशे एकतीस.' आणि त्याच्या डोळ्यांसमोर पितळी परात उभी राहिली.

साहेब म्हणाले, "काय झालं? बोल ना."

"काही नाही, सर," शंतनु म्हणाला, आणि खालची ओळ एकशे अडतीसवर गेली.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? बायकोला फोन. पण शंतनुची गोची झाली होती. सांगावं तर पेटी खोटी ठरते, तलाठ्याची नोकरी धोक्यात येते, आणि ते एकशे अडतीस कुणाचे हे शिवलीलेला कळतं. न सांगावं तर अण्णांची गिरणी जाते. रात्रभर विचार करून त्याने एक नामी युक्ती काढली. पाय धरल्याने नावं बदलली ना? मग पुन्हा पाय धरायचे. नावं जागच्या जागी जातील, आकडे सुधारतील, गिरणी वाचेल आणि कुणाला काही कळणार नाही.

शनिवारी तो शिवलीलेबरोबर गिरणीत शिरला तेव्हा जयसिंगराव खुर्चीत बसले होते, अण्णा किल्ली हातात घेऊन पोत्यावर, आणि अव्वा दाराशी. गिरणी बंद होती म्हणून सगळीकडे विचित्र शांत होतं. शंतनु तडक पुढे गेला, वाकला आणि त्याने अण्णांचे दोन्ही पाय धरले.

"आयुष्मान व्हा," अण्णा म्हणाले.

शंतनु उठेना.

"व्हा की आयुष्मान. उठा आता."

"राहू द्या, अण्णा. थोडा वेळ."

"अहो, सोडा. लोक बघायलेत."

शंतनुने पकड आणखी घट्ट केली. एक डोळा पेटीच्या दिव्याकडे होता, पण दिवा काही लुकलुकत नव्हता. लुकलुकणार कसा? अण्णांचे पाय सवयीने पिठाने माखलेले, कोरडे ठणठणीत. पाण्याने जी वाट खुली केली होती ती पिठाने अडवली होती.

जयसिंगरावांनी खुर्ची मागे सरकवली आणि हळूच अव्वांना विचारलं, "डॉक्टर काही बोलले काय हो, अक्का? जावई असा पाय सोडत नाही म्हणजे..."

अव्वांचा चेहरा पांढरा पडला. "लीला," त्या म्हणाल्या, "तुमी माझ्यापासून काय लपवलाव?"

"काही नाही, अव्वा. शंतनु, काय लपवलंस?"

"काही नाही," पायांशी असलेला शंतनु म्हणाला, आणि शिवलीलेचा फोन कर्कश ओरडायला लागला. 'नागनाथ: धोका. ठोके एकशे चव्वेचाळीस.'

मग जे झालं त्याला ताळतंत्र नव्हता. शिवलीलेने अण्णांना खांद्याला धरून आडवं केलं. अव्वांनी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. जयसिंगराव टाइल्सच्या सॅम्पलने वारा घालू लागले. अण्णा "अरे, मला कायबी झालं नाही" म्हणत उठायचे आणि तिघं मिळून त्यांना पुन्हा दाबायचे. हे बघून शंतनु घाबरला. शंतनु घाबरला म्हणून ठोके वाढले. ठोके वाढले म्हणून तिघांनी अण्णांना आणखी दाबलं. एकशे पन्नास. एकशे अठ्ठावन्न. शिवलीला रडत रुग्णवाहिकेचा नंबर लावत होती आणि पुन्हा पुन्हा चुकवत होती.

तिला तसं बघितलं आणि शंतनुची युक्ती, नोकरी, इभ्रत सगळं गळून पडलं.

"थांब. ते माझे आहेत," तो म्हणाला.

"काय तुझे?"

"ठोके. एकशे अठ्ठावन्न माझे आहेत. अण्णांचे बासष्ट." आणि त्याने परातीपासून पिठापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

कुणाचा विश्वास बसला नाही. अव्वांना वाटलं, जावई दुःखाने भ्रमिष्ट झाला. मग अण्णांनीच कांदा बाजूला सारला. ते उठले, कोपऱ्यातलं ज्वारीचं भरलेलं पोतं पाठीवर घेतलं आणि गिरणीला एक फेरी मारली. शिवलीलेच्या हातातल्या फोनवर 'शंतनु' बासष्टवरून हळूहळू नव्वदवर गेला. खरा शंतनु मात्र जमिनीवर मटकन बसलेला होता. अण्णांनी पोतं ठेवलं, कपाळ पुसलं, आणि आकडा शहाण्या मुलासारखा परत खाली आला.

"म्हशीवानी," अण्णा समाधानाने म्हणाले. त्यांनी जयसिंगरावांकडे बघितलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. जयसिंगराव भले माणूस. ते म्हणाले, "होऊ दे, अण्णा. घरी नाचणी पडून हाय आमची. पाठवून देतो." आणि टाइलचं सॅम्पल काखेत मारून निघून गेले.

शंतनु आता शिवलीलेच्या तोफेची वाट बघत बसला. पण तिने आठवडाभराचे आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले होते. झोप अपुरी. दिवसभर बसून. बेचैन. वाचता वाचता ती त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"सोमवारी सकाळी एकशे बावीस तू होतास?"

"हो."

"रोज रात्री तीनपर्यंत जागा, तोही तूच?"

"हो."

"मी आठवडाभर चुकीच्या माणसासाठी रडले," ती म्हणाली, आणि आता योग्य माणसासाठी रडायला लागली. शंतनुला तिचा हात धरावासा वाटला, पण आता हात धरायचीही त्याला भीती वाटत होती. तिनेच धरला.

मग नाक पुसून ती म्हणाली, "ज्याचे आकडे खराब, त्याचं काम बंद. नियम म्हणजे नियम. कोण म्हणालं होतं?"

"अगं, तो अण्णांसाठी..."

"पेटी खोटं बोलत नाही ना?"

डॉक्टरांनी शंतनुला तपासलं. काळजीचं काही निघालं नाही. झोप नाही, जेवणाला वेळ नाही आणि कॉफीला सुमार नाही, एवढंच. पंधरा दिवस सुट्टी घ्यायला सांगितली. शिवलीलेने त्याला आनेकलला नेऊन सोडला, आणि गिरणीच्या घरघरीत पोत्याला टेकून तलाठी असा झोपला की त्याच्या पापण्यांवर पीठ साचलं.

उपेंद्र साहेबांना मात्र त्याने खरं ते कळवलं. साहेब आधी भडकले, मग विचारात पडले, आणि मग त्यांनी ओळख पटवायचा नियम पेटीत घालून घेतला. तो पक्का झाला की नाही हे बघायला नवी चाचणीही ठरली. महादेवपुऱ्याच्या वातानुकूलित लॅबमध्ये अव्वांची पितळी परात आली. सुट्टीतून तासाभरासाठी बोलावलेला शंतनु पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीत बसला आणि खुद्द उपेंद्र साहेबांनी, कमरेला पेटी लावून, त्याचे पाय धुतले. पाणी कोमट होतं. साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "मले अनारसे पन द्या लागते का रे?"

चाचणी झकास झाली. नावं जागची हलली नाहीत. शंतनुची पेटी शंतनुचेच ठोके सांगत होती, अडुसष्ट. आणि साहेबांची पेटी साहेबांचेच सांगत होती. एकशे छत्तीस.

लॅबमधले सगळे आकड्यावर वाकले. साहेबांनी ओले हात पुसले आणि कसंनुसं हसून म्हणाले, "पेटी बिघडली असन."

शंतनुने परातीतून पाय काढले आणि आपली खुर्ची साहेबांना दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनेकलच्या गिरणीत शंतनुच्या शेजारच्या पोत्यावर उपेंद्र साहेब पाय पसरून बसले होते. अव्वांनी दोघांना ताक दिलं. अण्णा दगडाला टाकी लावत होते, त्यांनी हात थांबवला, साहेबांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि शंतनुला विचारलं, "जावईबापू, तुमच्या हापिसात एकूण माणसं किती हायत? मला त्या हिशेबानं पोती मांडून ठेवायला बरं."